प्रागच्या पुलावर
मॉलमध्ये भाजलेल्या चेस्टनटचा वास आला की माझं तोंड अजूनही कडू होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आम्ही अबुधाबीत मोहम्मद बिन झायद सिटीत राहत होतो, मी नवऱ्याच्याच व्हिसावर होते, आणि डिसेंबरमधल्या नॅशनल डेच्या लाँग वीकेंडला नवऱ्याने अचानक प्रागची तिकिटं काढली. तिथल्या जुन्या दगडी पुलावर थंडी नाकाला झोंबत होती, नदीवर धुकं होतं, आणि आम्ही एकाच कागदी पुडीतून गरम चेस्टनट खात होतो. मग त्याने त्याच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. मी पुलावरच्या पुतळ्यांचे फोटो काढायला पुढे गेले. परत आले तेव्हा तो पाठमोरा उभा राहून तिला सांगत होता, "मार्चमध्ये हिचा व्हिसा कॅन्सल करतोय. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला घरात कोणीतरी हवंच ना? म्हणून तर आधी फिरायला आणलं." त्याने फोन ठेवल्यावर मी विचारलं, "मला कधी सांगणार होतास?" तो म्हणाला, "घरी गेल्यावर. इथे कशाला मूड घालवायचा? यल्ला, चल, हस बघू, सेल्फी काढू." मी हसले. मार्चमध्ये पुण्याला सासरी गेले. सासूबाई काही आठवड्यांत हिंडू-फिरू लागल्या, पण मला परत बोलावण्याचा विषय त्याने कधीच काढला नाही, आणि शेवटी आम्ही वेगळे झालो. आता मी दुबईत, ऊद मेथातल्या एका शाळेत शिकवते, माझ्या स्वतःच्या व्हिसावर. सुट्ट्या जवळ आल्या की स्टाफरूममध्ये कोणीतरी विचारतंच, "मॅडम, युरोप पाहिलाय का?" मी नाही म्हणून सांगते.