मांडवावरचा कोबी आणि आमच्या इतर जाहिराती

“नाही म्हणजे नाही! शंभर बिया पेरल्या की शंभर उगवतात, असं मी लिहून देणार नाही!”

“अहो वत्सलाबाई, कॅलेंडर आहे हे, कोर्टातली शपथ नव्हे!” शेठ टेबलावर थाप मारून म्हणाले.

चोपन्न-पंचावन्न सालचं हे भांडण, मुलुंडच्या आमच्या बियाण्यांच्या कंपनीतलं. ओल्या गोणपाटात शंभर बिया मांडायच्या आणि कोंब किती फुटले ते बघायचं, हे माझं काम. अक्षरं मी बियांच्या पाकिटांवरच शिकले. शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यामुळे तिचे उपकारही नाहीत! जाहिरातीची हौस आणि शेतीचं अज्ञान एका छपराखाली नांदलं की किस्से तणासारखे माजतात. त्या दिवशी मी एकेक उपटून शेठच्या पुढ्यात टाकला.

पहिला कोबीचा. आमचा शिर्के पेंटर मूळचा सिनेमाचे बोर्ड रंगवणारा. कोबी त्यानं फक्त बाजारात पाहिलेला. पोस्टरवर त्यानं झकास मांडव काढला आणि वेलीला दुधीसारखे कोबीचे गड्डे लटकवले! शेठनी पास केलं. आठवड्यात वसईचा एक शेतकरी दारात हजर. “हेच बी द्या. आमचा कोबी मेला जमीन सोडत नाही!”

मग वांग्याचं कॅलेंडर. वांगं काढलं बोटाएवढं आणि ते धरणारी बाई हिरॉइनसारखी. अंधेरीपासून दहिसरपर्यंतच्या सलूनवाल्यांनी मागून मागून नेलं. बी एकानंही नेलं नाही!

घाटकोपरच्या थिएटरात तर आमच्या मुळ्याची स्लाइड उलटी लागली. पाला खाली, मुळा आभाळात! पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. शेठ खूश: “लक्षात तर राहिलं ना!”

आणि ऑफिससमोरचा नमुन्याचा वाफा? पालक वीतभर आला, बोर्ड लागला, ‘पाहा आणि खात्री करा’. दुपारी शेजारची बकरी आली. तिनं पाहिलं, खात्री केली, वाफा साफ! शिर्के म्हणाला, “शेठ, खाली लिहू? बकरीनेही पसंत केलेलं.” शेठ म्हणाले, “लिही!”

एवढं ऐकूनही शेठ हटेनात.

“ते सगळं हसण्यावारी गेलं,” मी म्हटलं. “पण हे वाचून माणूस मोजकंच बी पेरेल. गोणपाटात वीस-बावीस बिया झोपूनच राहतात. शेतात टक्कल पडलं की तो कोणाच्या नावानं बोटं मोडेल?”

शेठनी कॅलेंडरचा कच्चा छाप माझ्यापुढे सरकवला. वर मोठ्या अक्षरांत: ‘प्रत्येक बी उगवणारच!’ खाली: ‘उगवण तपासनीस: वत्सला परब.’

माझं नाव छापलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. शिर्के कानाशी कुजबुजला, “वत्सू, गप बस गं! नाहीतर नाव जाईल ना!”

“बोला,” शेठ म्हणाले, “छापायला देऊ?”

मी ते नाव दोनदा वाचलं.

“द्या ना शेठ,” मी म्हटलं, “फक्त माझं नाव काढा, आणि तिथं तुमच्या आईचं घाला.”