अठरा पेले

"वासाकडे लक्षच देऊ नका. तुम्ही नळी ओढा फक्त."

"मामा, सडक्या अंड्याचं पाणी आहे हो हे!"

"सडकं अंडं निदान कोंबडीनं घातलेलं असतं. हे कारखान्यातून आलंय, स्वच्छ आहे एकदम. बरं ते जाऊ द्या. तुमच्या स्टुडिओत म्हणे कुणी बायकोचा फोटो काढून घेतला आणि न्यायला आलाच नाही?"

"कुणी सांगितलं तुम्हाला? काढून नाही, जुना मोठा करायला दिला होता. आणि आला की न्यायला! आला आणि म्हणतो कसा, हिच्या कपाळावरची आठी तेवढी काढा. मी म्हटलं, आठी काढली तर घरात ओळखणार कसं तिला—"

"ओढा."

फोटोवाल्यानं ओढलं. बोलण्याच्या नादात अर्धा पेला पोटात गेला, आणि पोटात गेल्यावर त्याला कळलं की गेला. तोंड वेडंवाकडं करून तो मामांकडे बघायला लागला, तर मामा उरलेल्या अर्ध्या पेल्याचं झाकण नीट बसवत होते.

मामा म्हणजे वॉर्डातले मदतनीस. दवाखान्यात मदतनीस बाई असली की मावशी आणि बाप्या असला की मामा, हा जगाचा नियम. यांना सख्खी बहीण नव्हती, त्यामुळे सख्खा भाचा असायचं कारण नव्हतं. पण एकतीस वर्षांच्या नोकरीत भाचरं इतकी झाली होती, की बाजारातून सरळ चालत जायची सोय राहिली नव्हती. स्ट्रेचर ढकलायचं, चादरी बदलायच्या, भांडं द्यायचं-घ्यायचं, फरशी पुसायची, ही त्यांची कामं. आणि एक काम कागदावर नसलेलं, पण त्यांच्याशिवाय कुणाला न जमणारं: वासवालं औषध पाजणं.

तापाच्या, अंगदुखीच्या साध्या गोळ्या माणूस चणे-फुटाण्यासारखा खातो आणि कधी कधी जास्त खाऊन बसतो. फोटोवाल्यानं कंबरदुखीपायी तेच केलं होतं. अशा माणसाला हे औषध तोंडानं द्यायचं. एक मोठा पेला, मग दर चार तासांनी एक, असे सतरा. मिळून अठरा. घेतल्यावर तासाच्या आत उलटी झाली, तर तो पेला धरायचा नाही, पुन्हा पाजायचा. आणि उलटी न होईल तर नवलच, असा त्याचा वास.

मामांची रीत ठरलेली. औषध थंडगार करायचं, संत्र्याच्या रसात मिसळायचं, झाकण लावायचं, झाकणाच्या भोकातून नळी घालायची. इथवर कुणीही करील. पुढची गोष्ट मामांची. 'पी' असं कधी म्हणायचं नाही. 'पी' म्हटलं की माणूस ओठ शिवून घेतो. त्याऐवजी त्याच्याच धंद्यातलं काहीतरी चुकीचं बोलायचं. दुसऱ्याची चूक सुधारताना माणसाला स्वतःच्या नाकाची शुद्ध राहत नाही, हे मामांना कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. ते त्यांना थोरल्या भावाबरोबर राहून कळलं होतं.

थोरला धारवाला. सुऱ्या, कात्र्या, करवती, विळे, सगळ्यांना धार लावायचा. रस्त्याकडेला पत्र्याचं दुकान आणि दुकानामागं एक खोली. वहिनी गेली तेव्हापासून दोघं भाऊ त्या खोलीत राहायचे. मामांनी लग्न केलं नव्हतं, का, हे विचारलं की म्हणायचे, "थोरल्याचं बघितलं ना." थोरला म्हणायचा, "याला पोरगी दाखवली तर हा तिचा बीपी बघत बसला." दिवसातून चार वेळा भांडण आणि दोन वेळा चहा, असा संसार.

त्या दिवशी दुपारी मामा जेवायला खोलीवर आले, तर थोरला चाकावर कात्री धरून गुणगुणत होता. मामांना बरं वाटलं. चार दिवस त्याची दाढ ठणकत होती. दातवाल्याकडे चल म्हटलं तर, "पक्कड घेऊन बसलेल्या माणसासमोर तोंड उघडायला मी काय खुळा आहे?" म्हणाला. गाल भोपळ्यासारखा, वर ताप, वर सर्दी. दोन दिवस चहापलीकडे घशाखाली काही गेलं नव्हतं.

"उतरलं वाटतं दुखणं?"

"तुझा डबा पावला. काल दुपारपासून मन लावून घेतल्या गोळ्या. दाढ कुठल्या बाजूला आहे तेपण आठवत नाही आता. जरा मळमळतंय, पण चालायचं."

डबा म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. घरी जाणारे पेशंट उरलेल्या गोळ्या मामांच्या हातात ठेवून जायचे: 'ठेवा मामा, कामाला येतील.' नियमानं त्या औषधाच्या खिडकीवर जमा करायच्या. मामा नियमानं डब्यात टाकायचे. थोरल्याला चष्म्यानंसुद्धा बारीक अक्षर दिसायचं नाही, म्हणून मामांनी त्याला रंग सांगून ठेवले होते. लाल पाकीट दुखण्याचं, पांढरं तापाचं, पिवळं सर्दीचं.

मामांनी डबा उघडला. वर रिकामी पाकिटं पडली होती. लाल, पांढरी, पिवळी.

त्यांनी तिन्ही रंगांची एकेक उचलली आणि दारातल्या उजेडात नेली. इंग्रजी त्यांना वाचता यायचं नाही असं नाही, पण एकेक अक्षर चाचपत यायचं. लाल पाकिटाच्या पाठीवर एक लांबलचक शब्द होता. पांढऱ्याच्या पाठीवरही एक लांबलचक शब्द होता. मामांनी दोन्ही शेजारी धरून अक्षराला अक्षर लावून पाहिलं. मग पिवळं धरलं. पिवळ्यावर तीन शब्द होते. त्यातला पहिला तोच.

पॅरासिटामॉल. तिन्हीवर.

फोटोवाल्याच्या कागदावरही तोच शब्द होता.

"किती घेतल्यास?"

"मोजतंय कोण? दुखलं की लाल, अंग तापलं की पांढरी, शिंकलो की पिवळी. तूच सांगितलं होतंस."

मामांनी रिकामी भोकं मोजली. बावीस भरली. वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर या गोळ्या जास्त खाणाऱ्याबद्दल नेहमी म्हणायच्या ते त्यांना ऐकू आलं: पहिल्या दिवशी हसतो, तिसऱ्या दिवशी पिवळा पडतो. थोरला समोर हसत होता.

"चाक बंद कर आणि शर्ट घाल," मामा म्हणाले.

"जेवण?"

"शर्ट घाल म्हटलं ना!"

पन्नास वर्षांत धाकटा असा ओरडला नव्हता. थोरल्यानं शर्ट घातला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढला. वयानं त्या मामांना मुलगी शोभतील अशा. शेजारी मोठ्या सिस्टर उभ्या. "आजोबा, गोळ्या किती घेतल्या? कधीपासून? कुठून आणल्या?"

थोरल्यानं मामांकडे एकदा पाहिलं. डबा कसा भरतो ते त्याला ठाऊक होतं. मामांच्या नोकरीची तीन वर्षं राहिली होती, तेही.

"दोन," थोरला म्हणाला. "दुकानातून आणल्या. ह्याला सवयच आहे उगीच घाबरायची."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. दोन गोळ्यांना कुणी दाखल करत नाही. आता मामांनी मान डोलावली असती, तर थोरला घरी गेला असता आणि डबाही घरीच राहिला असता.

मामांनी खिशातून पाकिटं काढली आणि टेबलावर ओतली.

"बावीस. काल दुपारपासून. माझ्या डब्यातून. पेशंटच्या उरलेल्या. मी घरी नेल्या, मीच त्याला रंग सांगितले. दोन दिवस पोटात अन्न नाही."

मोठ्या सिस्टरनी चष्मा लावून एकेक पाकीट मोजायला घेतलं. डॉक्टरीणबाई मात्र उठल्याच. रक्त काढायला सांगितलं, पहिला पेला तयार करायला सांगितला, आणि जाता जाता मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जेवण नव्हतं हे सांगितलंत ते बरं केलंत. गोळीचा थोडा भाग लिव्हरमध्ये विषारी होतो. त्याला धरून ठेवणारं एक द्रव्य लिव्हर स्वतः बनवतं. त्याला सिस्टीन लागतं. प्रथिनं ज्या मण्यांची बनतात ना, त्यातला एक मणी, गंधकवाला. उपाशी माणसाकडे ते कमीच, आणि गोळ्यांनी उरलंसुरलं खाल्लं. आपलं वासवालं औषध म्हणजे तेच सिस्टीन, जरा वेगळ्या रूपातलं. ते वेळेत आत गेलं पाहिजे, बस."

"जाईल," मामा म्हणाले. "मी पाजतो."

"तुम्ही नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "चौकशी होईपर्यंत औषधाला हात लावायचा नाही. मावशी पाजतील."

मावशी म्हणजे त्याच वॉर्डातल्या. हात राकट, मन मऊ आणि तोंड भोंग्यासारखं. पहिला पेला घेऊन त्या थोरल्याच्या खाटेशी गेल्या आणि म्हणाल्या, "प्या!"

थोरल्यानं ओठ शिवले.

खरं तर वासाचं त्याला काही नव्हतं. रोज तेल-वंगणात वावरलेला माणूस. त्याला लागलं होतं ते वेगळंच. मामा बादली-पुसणं घेऊन खाटेजवळून गेले तेव्हा तो भिंतीकडे बघून म्हणाला, "मी दोन म्हटलं. चारचौघांत मला खोटं पाडलंस. आता तुझा दवाखाना आणि तू."

मावशींनी दटावलं, गोंजारलं, शेवटी नाक दाबलं. पेला कसाबसा गेला आणि दहाव्या मिनिटाला फरशीवर आला. फरशी पुसायचं काम मामांचं. तेवढ्याला बंदी नव्हती.

मामा गुडघ्यावर बसून पुसायला लागले. मावशी दुसरा पेला घेऊन उभ्या. थोरल्याचं तोंड भिंतीकडे. त्याच्या मानेवरचे पांढरे केस घामानं चिकटले होते, आणि ते बघून मामांना काही सुचेना. फोटोवाल्याला, मास्तरांना, तालुक्याच्या पैलवानाला पाजणारा माणूस, पण सगळ्या युक्त्या ज्याच्याकडून शिकल्या त्याच्यापुढं कुठली चालवणार? म्हणून ते बोलले ते मावशींशीच. कुणाशी तरी बोलायला हवं म्हणून.

"मावशी, काय होतंय कळलं का? धारेच्या चाकासारखं आहे सगळं. चाक फिरतं, पातं घासतं, तापतं. वरून पाणी ठिबकत असतं म्हणून निभतं. याचं ते पाणी आटलंय. चाक फिरतंय आणि पाणी नाही. मग पातं तापून लाल होतं... पण हरकत नाही, नंतर भरपूर ओतलं की होतं पुन्हा पहिल्यासारखं..."

"लाल?" भिंतीकडून आवाज आला.

मामांचा हात थांबला.

"लाल लोहाराकडे होतं," थोरला वळला. "पन्नास वर्षं माझ्या दुकानात बसलास आणि लाल म्हणतोस? धारेचं पातं निळं पडतं. कडेला एवढीशी निळी रेघ येते, बस. आणि एकदा निळं पडलं ना, की मग हौद ओतलास तरी उपयोग नाही. मऊ पडतं. धार धरत नाही मग जन्मात. नंतर ओतलं की होतं म्हणे! पाणी आधी लागतं रे मूर्खा. आधी, आणि थेंब थेंब, चाक थांबेपर्यंत..."

बोलता बोलता त्याची नजर मावशींच्या हातातल्या पेल्यावर गेली.

मामांनी हे मुद्दाम चुकवलं नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

थोरल्यानं आपल्या पोटावर, उजव्या बरगडीखाली हात ठेवला आणि जरा वेळ तसाच ठेवला. मग मावशींना म्हणाला, "बघत काय बसलीस बाई? आण ते इकडं."

त्यानं नळी फेकून दिली, झाकण काढलं आणि पेला तोंडाला लावून रिकामा केला. डोळ्यांतून पाणी आलं. तास होईपर्यंत तो उशीवर मान टाकून, मुठी आवळून पडला. मामा तासभर तीच फरशी पुसत राहिले. पेला टिकला.

"आणि एक," डोळे न उघडता थोरला म्हणाला. "बावीस नव्हत्या. दोन खिशातल्या होत्या, सुट्या. चोवीस. डॉक्टरीणबाईला सांग. माझं सांगितलंस तसं नीट सांग."

मामांनी जाऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रक्तातला लिव्हरचा आकडा चढला. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि मामांनी चादरींच्या कोठीत जाऊन उगाचच सगळ्या चादरी उलगडून पुन्हा घडी घातल्या. थोरला दर चार तासांनी न सांगता पेला मागत होता. "उशीर झाला," म्हणून एकदा मावशींनाच दटावलं. तिसऱ्या दिवशी आकडा होता तिथंच थांबला. मामा येता-जाता थोरल्याची खालची पापणी ओढून बुबुळाभोवतीचा पांढरा भाग बघायचे. "लग्नाला पोरगी दाखवली तेव्हा बीपी, आता माझे डोळे," थोरला म्हणायचा. डोळे पांढरेच राहिले. चौथ्या दिवशी आकडा उतरायला लागला, आणि थोरल्यानं मलमपट्टीची कात्री मागवून, बोटानं धार बघून मोठ्या सिस्टरना विचारलं, "ही कात्री आहे की चमचा?"

मोठ्या सिस्टर हसल्या. पण कागद लिहायचा तो त्यांनी लिहिलाच. मामांनी डबा आणून दिला, सही केली. नोकरी राहिली. पेला मात्र गेला. यापुढं औषध पाजायचं काम त्यांचं नाही, असं त्यात स्पष्ट होतं. एकतीस वर्षांत जे कागदावर कधी चढलं नव्हतं, ते कागदानं काढून घेतलं. मामांनी सही करताना ते दोनदा वाचलं.

पाचव्या दिवशी सकाळी थोरल्याला सोडलं. हातात दातवाल्याची चिठ्ठी, पायात मामांनी पुसून ठेवलेल्या चपला. दोघं जिन्यापर्यंत आले.

"मी येऊ का सोडायला?"

"मला रस्ता माहीत आहे. तू तुझी कामं बघ, आधीच नाव कागदावर चढलंय तुझं." थोरला दोन पायऱ्या उतरला, थांबला. "दातवाल्याकडे मात्र ये बरोबर. रविवारी. तिथं तोंड उघडल्यावर मला बोलता येणार नाही, आणि त्यानं भलतीच दाढ धरली तर सांगायला कुणीतरी पाहिजे."

"येतो."

थोरला कठड्याला धरून सावकाश उतरत गेला. तो वळणाआड होईपर्यंत मामा वर उभे होते.

"मामा!" वॉर्डातून मावशींचा भोंगा वाजला. "सात नंबरची चादर खराब झालीय, आणि एक्स-रेला न्यायचाय एक!"

"आलो, आलो. छप्पर उडेल," मामा म्हणाले, आणि कोठीतून धुतलेली चादर काखेत मारून स्ट्रेचर ढकलत आत गेले.