रोबोच्या खांद्याला गंध

कॉफीचा टंबलर तोंडाला लावायचा झाला की आमच्या कारखान्यातले काका डाव्या हातानं उजवं कोपर खालून उचलून धरायचे. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याचं दुखणं लांबून दिसतं पण कुरकुर कधी ऐकू येत नाही.

इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या सीट बनतात. सीटचा लोखंडी सांगाडा उचलून डोक्याच्या उंचीवरच्या आकड्याला अडकवायचा, हे काम काकांनी बावीस वर्षं केलं. खांदा कामातून गेला, तेव्हा त्यांना त्याच लाइनचं सुपरवायझर केलं. मी पुण्याहून रोबो बसवायला आलो. फोनवर आईशी बोलताना मला ऐकून ते जवळ आले नि म्हणाले, "आम्हीही मराठीच, तंजावरचे. बैसा, कॉफी घेऊं."

त्यांचं मराठी जुन्या पोथीतलं आणि सूर अस्सल तमिळ. माझं बोलणं त्यांना फार घाईचं वाटे. "मेल्ल, मेल्ल," म्हणजे हळूहळू, हे ते मला सांगत, ट्रकवाल्याला सांगत आणि पुढे रोबोलाही सांगू लागले.

लाइनवर आता बहुतेक बायका होत्या. सांगाडा रोबोनं उचलायचा आणि बायकांनी खाली उभं राहून बोल्ट आवळायचे, असं ठरलं होतं; तोवर सांगाडे त्याच उचलत. संध्याकाळी त्या खांदे चोळत बसकडे निघाल्या की काका बघत राहायचे. एकदा मला म्हणाले, "माझे केंस बायको विंचरते. ह्या पोरींनीं म्हातारपणींही आपली वेणी आपण घालावी."

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी मोठे साहेब चाचणी पाहायला येणार होते. ती फसली तर रोबो दुसऱ्या कारखान्यात जाणार होता. पूजेला काकांनी रोबोचा पिवळा हात स्वतः पुसला, हार घातला, गंध-कुंकू लावलं.

चाचणीच्या दिवशी हात ऐटीत वर गेला, सांगाड्यापाशी थबकला आणि लाल दिवा लागला. मी तासभर प्रोग्रॅम उलटापालटा केला. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. अखेर शिडीवर चढलो, तर कॅमेऱ्याच्या भिंगावर ठसठशीत टिळा. रोबोला कपाळ नसतं. त्यातल्या त्यात कपाळासारखं काकांना तेच वाटलं होतं.

मी तो गुपचूप पुसून सेन्सरवर खापर फोडणार होतो. पण काका पुढे झाले आणि तमिळमध्ये म्हणाले, "सार, चूक माझी. कपाळ समजून लावलं."

 साहेबांनी भिंग पुसायला खिशातला स्वतःचा रुमाल काढून मला दिला.

रोबोनं सांगाडा अलगद उचलून आकड्याला अडकवला. काका "सरि, सरि", म्हणजे ठीक ठीक, म्हणत बाजूला गेले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

पुढच्या वर्षी त्यांनी गंध लावलं ते रोबोच्या खांद्याच्या सांध्यावर. "येथें बरें. ह्याचा तरी खांदा शाबूत राहो."

निवृत्त होऊन ते मुलीकडे कोइंबतूरला गेले. मला त्यांची फार आठवण येते, अगदी कॉफीच्या प्रत्येक वेळेला.

यंदा गंध मी लावलं, खांद्यावरच. लाइनवरची सगळ्यांत जुनी बाई स्टुलावर चढली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन हार बांधू लागली. मी सवयीनं "मेल्ल, मेल्ल" म्हटलं. तिला कसलीच घाई नव्हती. हार बांधून झाल्यावर उरलेल्या फुलांचा तुकडा तिनं तिथंच उभ्या उभ्या, दोन्ही हात मागे नेऊन, आपल्या वेणीत माळला. मी खाली स्टूल धरून उभा होतो.