बावीस टक्क्यांत कुरखेडा

माझ्या इलेक्ट्रिक गाडीला आमच्या खानदानात कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. "मोबाइलले चाकं लावून आणले हिनं," असं माझा नवराच आल्यागेल्याला सांगायचा. रस्त्यात बंद पडली तर बैल जुंपणार का, हेही विचारून झालं होतं. मी तोंडाची फटकळ, ऐकून घेत नाही. पण तोंडाच्या जोरावर गाडी पुढे जात नाही, म्हणून मी वही केली. निघताना किती टक्के, उमरेडला किती, भिवापूरला किती, चार्जर कुठे, तिथे चहा मिळतो की नाही, सगळं त्यात लिहिलेलं. त्या वहीच्या भरवशावर मी अमरावती केलं, यवतमाळ केलं, गोंदिया केलं आणि एकदाही अडकले नाही.

मागच्या एप्रिलमध्ये बाबांना कुरखेड्याकडे न्यायची वेळ आली. बाबा एसटीचे ड्रायव्हर, उमरेड डेपोचे. त्यांच्या गाडीवर सतरा वर्षं एकच कंडक्टर होते. आम्ही त्यांना कंडक्टरकाका म्हणायचो. रिटायर झाल्यावर काका कुरखेड्याजवळ आपल्या गावी गेले. बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते शहरात, प्रताप नगरात माझ्याकडे राहायला आले. क्लच दाबवत नाही म्हणून गाडी चालवणं सुटलं, बसची पायरी चढवत नाही म्हणून प्रवासही सुटला. चार वर्षं दोघं नुसते फोनवर बोलत होते. मग एक दिवस काकांनीच कळवलं. काकू गेल्यावर एकट्यानं निभत नव्हतं, घर विकलं, आता लेक-जावई कायमचं रायपूरला नेणार, शनिवारी दुपारी दोनला. पुढचा जंगलाचा रस्ता उजेडात पार करायचा, तेव्हा दोन म्हणजे दोन.

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "एकडाव पाहून आलो असतो त्याले." माझा बाप कोणाजवळ काही मागत नाही. म्हणून मी लगेच म्हटलं, मी नेते.

वहीतलं गणित सोपं होतं. एकशे अडुसष्ट किलोमीटर. शंभर टक्के भरून आठला निघायचं, ब्रह्मपुरीला एका हॉटेलच्या चार्जरवर थोडं भरायचं आणि आरामात पोचायचं. शनिवारी सकाळी आठला पिशव्या घेऊन खाली आले, पाहते तर गाडी अठ्ठावन्न टक्क्यांवर आणि भिंतीवरचं बटन बंद.

"बाबा, हे बटन कोणं बंद केलं?"

बाबा खांद्यावरच्या दुपट्ट्याची घडी घालत होते. "पहाटे उठलो त लाइट चालू दिसला. रातभर करंट चालू ठेवते का कोणी?"

गाडी उभी केली की सगळं बंद, ही त्यांची जन्माची सवय. आमचा फ्रिजसुद्धा त्यांनी दोनदा बंद केलेला आहे. मी नको नको ते बोलले. "तुमच्याच दोस्ताले भेटाले जाऊन राहिलो ना आपण?" असंही म्हटलं. दीड तास परत चार्जिंग लावलं आणि पावणेदहाला शहात्तर टक्क्यांवर निघालो. उमरेडपर्यंत मी एक शब्द काढला नाही, आणि मी गप्प असले म्हणजे किती तापलेली असते ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

ब्रह्मपुरीला पोचलो तेव्हा बारा वीस झाले होते आणि अठरा टक्के उरले होते. चार्जरची स्क्रीन काळीठिक्कर. "दोन दिस झाले बंद आहे, ताई. मोबाइलमधी चालू दाखवते ते," हॉटेलवाला म्हणाला. बिचाऱ्यानं स्वतःच्या कूलरचा प्लग काढून तिथे माझी गाडी लावू दिली. त्या साध्या प्लगवर वीस मिनिटांत चार टक्के चढले. बावीस. अजून पन्नास किलोमीटर जायचं होतं आणि माझी गाडी एका टक्क्यात दोन किलोमीटर चालत होती. म्हणजे सहा किलोमीटर कमी पडणार. आणखी भरत बसावं तर दोन वाजून जाणार. तीनदा मांडलं, तीनदा तेच उत्तर आलं. बाबांना खरं ते सांगून टाकलं, "नाही पोचत आपण."

बाबांनी आधी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे. "तू नुसती पळवून राहिली अन् ब्रेक मारून राहिली वं. समोरचा ट्रक थांबणार हे अर्ध्या किलोमीटरवरून दिसते. तुले काहून दिसत नाही?"

माझं डोकंच फिरलं. "एवढं कळते त तुम्हीच चालवा," म्हटलं आणि चावी त्यांच्या हातात कोंबली.

बाबा खरंच दार उघडून उभे राहिले. वाकून पायाशी पाहिलं. "क्लच कुठं आहे?"

"क्लच नाही हिले. डावा पाय रिकामा ठेवायचा."

हे मी त्यांना इतक्या दिवसांत सांगितलंच नव्हतं, कारण मला सुचलंच नव्हतं. लायसन मात्र त्यांनी वेळच्या वेळी रिन्यू करून खिशात ठेवलेलं होतं. बाबा बसले, सीट मागे घेतली, आरसा नीट केला. पाय उचलला की गाडी हळू होते आणि बॅटरी थोडी भरते, हे मी एकदाच सांगितलं. "म्हणजे डिझेल टाकीत वापस येते?" त्यांनी विचारलं आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले.

डेपोत दर महिन्याला फळ्यावर लागायचं, कोणत्या ड्रायव्हरनं दहा लिटरमध्ये किती किलोमीटर काढले ते. बाबांचं नाव कायम वरच्या तिघांत असायचं. लहानपणी मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. त्या दिवशी एसी बंद, काचा खाली, डोक्याला ओला दुपट्टा, आणि माझा बाप गाडी अशी नेत होता की ब्रेकचा लाल दिवा कोणाला दिसला नसेल. वैनगंगेच्या पुलाकडच्या उतारावर टक्का हललाच नाही. वडशाला चौदा टक्के. मी आकडा पाहत होते आणि मला गर्व वाटत होता, स्वतःच्या गाडीचा कमी, बापाचा जास्त.

शेवटी पाच किलोमीटर राहिले, दोनला दहा कमी होते. मी म्हटलं, आता थोडी दाबा. "दाबली त पोचणार नाही," बाबा म्हणाले आणि आहे त्याच वेगानं नेत राहिले.

दोनला चार कमी असताना गावात शिरलो. तीन टक्के. जावयाची गाडी सामानानं भरलेली होती आणि काकांचा एक पाय आत गेलेला होता. आमची गाडी त्यांना अनोळखी. मग स्टिअरिंगवर कोण आहे ते दिसलं आणि त्यांनी पाय बाहेर काढला.

"ड्रायव्हरसाहेब, गाडीत जागा आहे का गा?"

"मागं बस," बाबा म्हणाले.

मी उतरले, काका मागच्या सीटवर बसले. जावयानं घड्याळ दाखवलं. मी तोंड उघडलं, तीन टक्के म्हणणार होते, पण म्हटलं नाही. काकांनी मुठीनं छतावर दोनदा ठोकलं. एसटीत कंडक्टरनं दोन घंट्या दिल्या की ड्रायव्हरनं निघायचं असतं. बाबा निघाले. गावातल्या शाळेला वळसा घालून ते परत येईपर्यंत मी त्या अंगणात उभी राहून रडत होते, आणि जावई बिचारा मला पाणी आणून देत होता.

उतरताना काका मला म्हणाले, "पोरी, तुझा बाप अजून झटका न देता थांबवते." मग ते जावयाच्या गाडीत बसून निघाले.

शेजाऱ्यांनी जाऊ दिलं नाही, रात्री तिथेच जेवून राहिलो आणि गाडी त्यांच्या प्लगवर लावली. सकाळी शंभर टक्के झाल्यावर मी चावी घेऊन बाहेर आले, तर बाबा आधीच ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले. मी चावी त्यांना दिली आणि पलीकडच्या दारानं बसले.