उजव्या सीटवरचे तास

लायसन्स आहे पण नोकरी नाही, अशा तीन पायलटांना कालगुर्लीसारख्या खाणींच्या गावात एका घरात ठेवलं की किश्शांना तोटा नसतो. नोकरीसाठी उड्डाणाचे तास लागतात आणि तास मिळायला नोकरी. त्यामुळे बोलायला वेळच वेळ. रोहन आणि जसप्रीतने तोडगा काढला: खाणकामगारांची ने-आण करणाऱ्या एका छोट्या कंपनीला पैसे देऊन कॅप्टनशेजारची उजवी सीट घ्यायची आणि तास जमवायचे. राहिले मी. माझ्यासाठी आईबाबा एफडी मोडायला तयार बसलेत. मोडू द्यायची की नाही, हे मी ठरवायचंय.

*

क्रेगीबर्नला राहणारे माझे मामा सर्जन. बार्बेक्यूपाशी उभे राहून त्यांनी निकाल दिला, “अनुभव फुकट मिळत नसतो. विकत घे आणि मोकळी हो.”

“मामा, पहिल्या ऑपरेशनचे पैसे तुम्ही हॉस्पिटलला दिले होते?”

“आमच्या वेळी स्टायपेंड होता.”

“मग?”

“ते वेगळं.”

यांच्या पिढीचं सगळंच वेगळं. म्हटलं, “आणि पेशंटला कुणी सांगितलं असतं, की शेजारचा डॉक्टर तिकीट काढून आत आलाय?”

मामा सॉसेज उलटत राहिले. ते कधीच करपलं होतं.

*

पैसे भरून बसणाऱ्यांना कंपनीचा एकच नियम: मागे प्रवासी असले की हात मांडीवर, कशालाही लावायचे नाहीत. रोहनने अख्खा उन्हाळा तो पाळला.

एका रविवारी तो मला गाडीतून पर्थला नेत होता. सरळसोट रस्ता, गाडी एकशे दहावर. बोलता बोलता त्याने स्टिअरिंग सोडलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी झडप घालून स्टिअरिंग धरलं. “रोहन, हात!”

त्याने शांतपणे माझ्याकडे पाहिलं. “कॅप्टनकडे आहे ना.”

त्यानंतर गाडी मीच चालवते.

*

छोट्या विमानात चढण्याआधी प्रत्येकाचं वजन करतात. कामगार, बॅगा, कॅप्टनसुद्धा. जसप्रीत काट्यावर पाय ठेवायला गेली, तर काट्यावरचा माणूस म्हणाला, “तुझं नको, लव्ह.”

“क्यों? मैं हवा हूँ क्या?” हे ती त्याला नाही, घरी येऊन आम्हाला म्हणाली.

“पता है, सबसे अजीब क्या था? प्लेन ऐसे उठा, जैसे मैं थी ही नहीं.”

तिने घरासाठी वजनकाटा आणलाय. रोज सकाळी त्यावर उभी राहते.

*

मी कंपनीच्या ऑफिसात चौकशीला गेले. म्हटलं, तुमच्याकडे तास पूर्ण करून नोकरीला लागलेल्या कुणाशी तरी बोलायचंय.

“नो वरीज,” म्हणत ऑफिसातल्या बाईने एका मुलाचा नंबर दिला. मी तिथेच लावला. फोन तिच्या ड्रॉवरमध्ये वाजला.

तिने ड्रॉवर गुडघ्याने ढकलून बंद केला. “विसरून गेला असेल.”

*

तरीही मी गेले. सीट घेण्याआधी कंपनी एक फेरी फुकट देते. म्हटलं, बघून नाही म्हणावं, म्हणजे मामांना बोलायला जागा नको.

विमानात उजवी सीट आधीच पुढे ओढलेली होती, माझे पाय नीट पोचतील इतकी. हात मांडीवर ठेवून मी लाल माती बघत राहिले.

खाणीच्या धावपट्टीवर उतरलो. कामगारांना न्यायला आलेल्या बसचा ड्रायव्हर मला म्हणाला, “आलीस परत?” माझ्यासारख्या दिसणाऱ्या कितीतरी मुली बसत असतील त्या सीटवर. मी सोडून दिलं.

खाणीच्या कँटीनमधल्या बाईने न विचारता चहा पुढे केला. बिनदुधाचा, लिंबू पिळलेला. मी तसाच पिते. शेजारी एक बिस्कीट.

“गेल्या वेळी रडत होतीस, म्हणून ठेवलं.”

“मी इथे पहिल्यांदाच येतेय.”

“हो,” ती मायेने म्हणाली, “तेही म्हणतेस.”

कॅप्टनने टोपी टेबलावर ठेवली. “मग? सोमवारपासून?”

“नाही,” मी म्हणाले. स्पष्ट, आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जाईल असं.

कॅप्टनने मान डोलावली. बाईने माझा रिकामा कप उचलला, विसळला, आणि फळीवर न ठेवता काउंटरवरच पालथा घातला.

“सोमवारी लागेलच,” ती त्याला म्हणाली.