दिवाबत्तीची पट्टी

१९३५ सालच्या सुमारास बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या गावात पंचायतीनं खांबांवर दिवे बसवले आणि घरटी दिवाबत्तीची पट्टी लावली. पट्टी सगळी दिवेवाल्याच्या पगारात जायची. घासलेटाला छदामही उरायचा नाही. तरी तो गडी रोज शिडी लावून काचा लख्ख पुसायचा. त्या काचा बघूनच आम्ही उजेड पडला म्हणायचं!

वडलांनी तक्रार केली, तर पंचायतीनं पट्टी वाढवली आणि वसुलीला कारकून नेमला. वाढलेली पट्टी त्याच्या पगारात गेली.

एकदा दिवेलागणीला हा कारकून आमच्या दारासमोरच्या दिव्याच्या खांबालाच धडकला. वडलांना म्हणाला, "आबा, कंदील आणा. पावती लिहायला दिसत नाही."

वडलांनी कंदील धरला. म्हणाले, "लिवा बिगीबिगी. आमचं घासलेट जळतंय."