गढूळ नळीचा रिपोर्ट

लॅबमधल्या बाईंनी बावीस वर्षं बुरशी पाहिली होती आणि सात वर्षं साहेब. दोघांपैकी बुरशीबद्दल त्यांना जास्त आदर होता. "ती निदान काम तरी करते," असं त्या बहिणीला सांगायच्या.

साहेब सकाळी यायचे, रुग्णाची बुरशी आणि औषध एकत्र वाढवलेल्या नळ्या खिडकीशी धरायचे आणि निकाल द्यायचे. नळी स्वच्छ, तर औषध चांगलं. नळी गढूळ, तर औषध टाकाऊ. मायक्रोस्कोपसमोरच्या खुर्चीत त्यांचा कोट तेवढा बसायचा.

त्या दिवशीची नळी नऊ नंबरच्या खाटेवरच्या शिंप्याची होती. फुप्फुसात बुरशी, मूत्रपिंडं आधीच अर्धी गेलेली. चालू औषध बंद केलं तर हाताशी उरलेलं दुसरं औषध त्या मूत्रपिंडांची पुरती वाट लावणार होतं. साहेबांनी नळी पाहिली.

"गढूळ. औषध निरुपयोगी. लिहा."

बाईंचं डोकंच फिरलं. "साहेब, हे औषध या बुरशीला मारत नाहीच. तिचं वरचं आवरण विस्कटतं. आतलं उघडं पडलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिला ओळखतात आणि तुटून पडतात. काचेच्या नळीत पांढऱ्या पेशी येणार कुठून? इथे गढूळच दिसणार! पण मायक्रोस्कोपखाली तिचे तंतू बघा, आखूड, ठेंगणे झालेत. म्हणजे औषध लागू पडतंय. शिंप्याच्या पांढऱ्या पेशीही चांगल्या आहेत, कालच मोजल्यात."

"मला शिकवू नका, बाई."

"शिकवत नाही. नुसतं बघा म्हणते."

वॉर्डातली डॉक्टरीण रिपोर्टसाठी दारात उभी होती, म्हणून साहेबांना कोट उचलून खुर्चीत बसावं लागलं. त्यांनी डोळा लावला. एक चाक इकडे फिरवलं, एक तिकडे.

"हं. लांबच लांब तंतू. जोरात वाढतेय. मी काय म्हटलं होतं?"

बाईंनी हात पुढे केला आणि मायक्रोस्कोपचा दिवा लावला.

"आता बघा."

डॉक्टरीण छताकडे पाहू लागली. साहेबांनी पुन्हा डोळा लावला नाही. "तुम्हाला हवं ते लिहा," ते पुटपुटले आणि बाईंनी लिहिलेल्या रिपोर्टखाली न वाचताच सही केली.

शिंप्याचं औषध चालू राहिलं. बाईंना सात वर्षांत पहिल्यांदाच साहेबांची कीव आली. जेवणाची सुट्टी संपेपर्यंतच ती टिकली. परत आल्या तेव्हा खुर्चीत पुन्हा कोट होता आणि साहेब खिडकीशी पुढची नळी धरून उभे होते.